चहाचं बोलावणं

२९ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी लायब्ररीच्या पायऱ्यांवर वेनचिंगने माझ्या हातात एक कोरा कागद दिला आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

ऋषीने हे वाक्य वाचलं तर तो हसून लोळेल. पण त्याला वाचता येणार नाही. तो पुण्याचा आहे, माझ्याच खोलीत राहतो, तरी त्याला माझं अक्षर लागत नाही. वही मराठीत लिहायची आयडिया वेनचिंगची, माझ्या मैत्रिणीची. ती म्हणाली, लिहायचंच असेल तर इथे कुणाला वाचता येणार नाही अशा भाषेत लिही. आमचं बोलणं इंग्रजीत होतं, इथे मी ते मराठीत उतरवतोय.

कागदावर काही लिहायचं नव्हतं. त्यांच्याकडे, चीनमध्ये, सरकारविरुद्ध लिहिलेलं पुसतात आणि लिहिणाऱ्याला उचलतात, म्हणून काहीच न लिहिलेला कागद. उरुम्चीत एका इमारतीला आग लागली, माणसं आतच मेली. लॉकडाउनच्या अडथळ्यांमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही, असं लोक म्हणतात. मग तिकडे शहराशहरांत पोरं असे कोरे कागद धरून उभी राहिली, आणि काल इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या या गावात, वेनचिंगचे लोक उभे राहिले.

त्यांचे नियम भारी कडक. टोपी, मास्क, दुसऱ्याचं जाकीट. बूटसुद्धा बदलायचे, कारण माणूस बुटावरून ओळखतात. फोन घरी ठेवायचा. आणि कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही. सगळ्यांना भाज्यांची नावं. वेनचिंग म्हणजे मुळा. एक उंच, कायम खोकणारा माणूस आहे, तो भोपळा. एक लसूण आहे, दोन मिरच्या. मी चिनी नाही, तरी तिच्या शब्दावर मला घेतलं आणि कांदा केलं. तिचं खरं नाव त्यांच्यात कुणालाच माहीत नाही, फक्त मला आहे. तिने ते मला उन्हाळ्यात शिकवलं, सुरांसकट. शाओ वेनचिंग. शाओ वरून खाली येतं, वेन वर चढतं, चिंग वरच राहतं. पिझ्झाचं पीठ मळताना मी महिनाभर घोकत होतो. मालकाला वाटलं मी जप करतो.

तर काल. जमलेले असतील तीसेक. वेनचिंग मेलेल्यांसाठी काहीतरी वाचत होती. समोर त्यांच्याच देशाची काही पोरं फोन वर धरून उभी होती, शिव्या देत होती. देशद्रोही, परदेशी पैशावर नाचणारे, असं काहीतरी, लसूणने मला नंतर सांगितलं. वेनचिंगचा आवाज फाटला. ती थांबली. समोरची पोरं हसली.

माझं डोकंच फिरलं. सांगलीत नंदूकाका नगरसेवकाला उभे होते तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. रोज संध्याकाळी प्रचारफेरीत पुढे मी. तेच तोंडातून आलं, पोटातून, पूर्ण नावासकट, जसं आपल्याकडे देतात तसं: "शाओ वेनचिंग तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" दोनदा. मागून जाणाऱ्या दोन-तीन देशी पोरांनी साथसुद्धा दिली!

वेनचिंगने वळून माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. तसं मला आजवर कुणी पाहिलेलं नाही. मग तिने कागद खाली केला आणि सगळे भराभर पांगले. काम फत्ते झालं असणार.

नियम मोडला हे मला कळतं. पण हिंदीत ओरडलो, कुणाला काय समजणार? आणि चीनमध्ये अशा नावाच्या किती जणी असतील.

३० नोव्हेंबर

वेनचिंगचं उत्तर नाही. तीन मेसेज टाकले. दमली असेल.

ऋषी म्हणाला, "तू तिथे वरातीत नाचायला गेल्यासारखा गेलास, यार."

मी म्हटलं, "तुझ्यासारखं लॅबमध्ये उंदीर मोजत बसू?"

"उंदीर नाहीत, माश्या आहेत. आणि तू जरा ऐकत जा. कॉलेजचंही असंच केलंस."

कॉलेजचं काढलं की मला झिणझिण्या येतात. प्रोफेसरने कॉपीचा आळ घेतला, मी कॅल्क्युलेटर टेबलावर आपटला आणि निघून आलो, परत गेलो नाही. कॉपी केलेलीच नव्हती. ऋषी म्हणतो चौकशीत तसंच निघालं असतं, थांबायला हवं होतंस. मला थांबता येत नाही. त्यात वाईट काय आहे?

१ डिसेंबर, गुरुवार

मी काम करतो त्या पिझ्झाच्या दुकानाच्या मागच्या दाराशी वेनचिंग आली. मी कचऱ्याच्या पिशव्या टाकायला बाहेर आलो तर डब्यापाशी उभी. टोपी कपाळापर्यंत ओढलेली.

"बाबांना चहाला बोलावलं होतं," ती म्हणाली.

"मग चांगलंय की. कुणी?"

 मग तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्याकडे पोलिस चौकशीला बोलावतात त्याला लोक चहाला बोलावणं म्हणतात. चहा खरंच देतात. तिचे बाबा हनान प्रांतातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना दुपारभर बसवून ठेवलं. मुलगी अमेरिकेत संध्याकाळी काय करते, कुणाबरोबर असते, तुम्हाला माहीत आहे का, असं विचारत होते. हळू आवाजात. कप रिकामा झाला की परत भरत होते.

"व्हिडिओ दाखवला त्यांना?"

"दाखवला नाही," ती म्हणाली. "ऐकवला. परत परत."

तिचा तो फाटलेला आवाज त्या म्हाताऱ्या माणसाला परत परत ऐकवला. हरामखोर.

"कुणी केलं हे? तुमच्यात कोण फितूर आहे?"

"नकुल, तू काही करू नकोस."

"मला फक्त नाव सांग."

"नाव," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि मग ते हसणं भलतीकडेच गेलं. मी जवळ घ्यायला गेलो तर ती मागे सरकली. "काही करू नकोस," ती परत म्हणाली, "एवढंच सांगायला आले. मला वचन दे."

ती मला जपते आहे. मला काही होऊ नये म्हणून फितुराचं नाव सांगत नाही. मी वचन दिलं. पण हे काय, नुसतं बसून राहायचं?

३ डिसेंबर, शनिवार

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला, तर चिनीत बाईचा आवाज. थंड, सलग, मध्ये श्वासही न घेता. माझ्या हातातून फोनच पडला. बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसलो. माझा नंबर त्यांना मिळाला. मी कुठे राहतो तेही माहीत असेल.

ऋषीने बाहेरून दार वाजवलं. "अरे, तो स्कॅम कॉल आहे! पार्सल अडकलंय, पैसे भरा. मला आठवड्याला दोन येतात. बाहेर ये, मला जायचंय."

बाहेर आलो, पण दिवसभर खिडकीतून बघत होतो. समोर एक पांढरी व्हॅन उभी होती, तिचा नंबर लिहून घेतला. नंतर त्यातून प्लंबर उतरला.

अमेरिकेतल्याच शॉमबर्गला आमचं घर, तिथून आईचा फोन. जेवलास का, थर्मल घालतोस का, बाबा अजून चिडलेत पण तुझे क्रेडिट इकडे ट्रान्स्फर होतील का याची चौकशी करत होते, मी सांगितलं असं सांगू नकोस. मी तिला विचारलं, "आई, बाबांना कुणी पोलिसांनी बोलावून माझ्याबद्दल विचारलं तर?" ती म्हणाली, "काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही. "नकुल, खरं सांग, काय केलंस?" मी ठेवून दिला.

विचार करकरून माझ्यापुरतं नक्की झालंय. भोपळा. त्या दिवशी बूट न बदललेला एकटा तोच. शिव्या सुरू झाल्यावर सगळ्यात आधी सटकला तोच. आज चिनी दुकानाबाहेर दिसला, उंचीवरून आणि खोकल्यावरून ओळखला, फोनवर बोलत होता, अगदी हळू, भिंतीकडे तोंड करून. रिपोर्ट देत असणार.

५ डिसेंबर, सोमवार

गाठला त्याला. बसस्टॉपवर, दिवसाढवळ्या. मास्क नव्हता, जाकिटाची चेन उघडी, गळ्यात लॅबचं ओळखपत्र. आधी फोटो काढला, मग समोर जाऊन उभा राहिलो.

"मुळ्याचं नाव तू दिलंस ना?"

तो पांढरा पडला. बसची वाट बघणारे दोन-तीन लोक बघायला लागले. मी त्याची कॉलर धरली. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण त्याने हात वर उचलले, सिनेमात बंदूक रोखल्यावर उचलतात तसे, आणि हळू म्हणाला, "प्लीज. ओरडू नकोस. प्लीज, इथे ओरडू नकोस."

"का? घाबरतोस?"

"हो," तो म्हणाला. "माझी बायको आणि मुलगी तिकडेच आहेत."

मग खोकला आला त्याला, वाकूनच खोकला, आणि मी कॉलर सोडली. बस आली, तो न चढता उलट्या दिशेने चालत गेला, जवळजवळ पळतच.

निरपराध माणूस असा पळेल?

फोटो वेनचिंगला पाठवला. "हाच तो. चेहरा बघ, कार्डावरचं नाव बघ." तिने पाहिला, खूण दिसली. उत्तर नाही. दहा मिनिटांनी तिने मला ब्लॉक केलं. धक्का बसला असणार. आपल्याच माणसाने दगा दिला की असंच होतं.

६ डिसेंबर

ग्रुपमधून मला काढलंय. ग्रुपच नाहीये. लसूणला रस्त्यात हात केला, त्याने पाहिलंच नाही असं दाखवलं.

भोपळ्याने सगळ्यांचे कान भरले असणार.

७ डिसेंबर, बुधवार

ऋषीला तो व्हिडिओ सापडला. त्याच्या लॅबमधल्या कुणीतरी पाठवला. "तू हा बघितलायस का?" म्हणाला. आवाज वेगळाच होता त्याचा. टिंगल नव्हती.

बघितला.

पायऱ्या. टोप्या, मास्क, काळी जाकिटं, पांढरे कागद. कुणी म्हणजे कुणी ओळखू येत नाही. मी वेनचिंगला शोधत होतो, मला ती सापडली नाही. मला! मी तिच्या चालण्यावरून तिला मैलावरून ओळखतो. इतकं चोख काम केलं होतं त्यांनी. वाचणारा आवाजसुद्धा मास्कमधून कुणाचाही वाटतो.

आणि मग एक आवाज येतो, मोठा, स्वच्छ. तीन अक्षरं. पहिलं वरून खाली, दुसरं चढतं, तिसरं वरच राहतं. एकही सूर चुकलेला नाही. पुढचं हिंदी कुणाला कळो न कळो. आणि दोनदा.

ऋषी म्हणाला, "खाली कुणीतरी चिनीत तिचं नाव टाइप केलंय. आणि ती कुठल्या डिपार्टमेंटला आहे ते."

मी म्हटलं, "बंद कर."

"नकुल..."

"बंद कर ना!"

दाखवला नाही. ऐकवला. परत परत. म्हणजे तिच्या बाबांच्या समोर चहा ठेवून त्यांना माझा आवाज ऐकवला.

ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. कचऱ्याच्या डब्यापाशी उभी होती तेव्हाही जाणून होती. वचन घ्यायला आली होती ती मला जपायला नव्हे. मला घाबरून आली होती. मी आणखी काय करीन म्हणून.

आता यापुढे तिचं नाव इथेही लिहिणार नाही. मागच्या पानांचं काय करायचं ते ठरवायचंय.

८ डिसेंबर, गुरुवार

दुपारी भोपळा दिसला. नाव मला आता माहीत आहे, कार्डावर होतं. मला पाहून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मला माफी मागायची होती. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभा राहिलो.

संध्याकाळी ती आली. माझ्यासाठी नाही. ऋषीला विचारून आली, त्याच्याशीच बोलली, मी ओट्याला टेकून उभा.

तिच्या बाबांना वर्गावरून काढलंय. शाळेच्या भांडारात बसवलंय, काचेच्या नळ्या मोजायला. पोलिस म्हणतात, मुलगी लहान आहे, कुणीतरी तिला बहकवलं असणार. तिने फक्त एक नाव सांगावं, कुणी जमवलं या पोरांना. एकच. मग बाबा परत फळ्यासमोर. उद्या ते बाबांच्या घरी येऊन बसणार आहेत, तिने तेव्हा फोन करायचा. तिच्या घरात चौघी चिनी मुली राहतात. त्यांच्या कानावर काही पडू नये, त्यांना पुढे कुणी विचारलं तर त्यांना खरंच काही माहीत नसावं. म्हणून तिला ही खोली हवी आहे, सकाळपुरती.

ऋषी म्हणाला, "घे ना. मी लॅबमध्येच असेन."

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच," ती म्हणाली. "मुळा, लसूण, मिरची. काय सांगणार? म्हणून तर आम्ही नावं घेत नव्हतो. एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणून नाही. वेळ आली तर आपल्या तोंडात काही नसावं म्हणून."

मी ओट्यापासून सरळ झालो.

"आता आहे," ती म्हणाली. "तू पाठवलंस."

९ डिसेंबर, शुक्रवार

जिन्यात बसलोय. वही बरोबर आणली कारण हातांना काहीतरी काम हवं. ती वर आहे, माझ्या खोलीत.

सकाळी ती आली तेव्हा बर्फ भुरभुरत होता. मी चहा ठेवणार होतो, भांडं हातात घेतलं आणि तसंच परत ठेवलं. तिने पाहिलं. पाणी दिलं, ते तिने घेतलं.

"तो फोटो डिलीट कर," मी म्हटलं. "मी माझा केलाय."

"त्याच दिवशी केला. वाचलेलं कसं डिलीट करू?"

"मग माझं नाव सांग. मी जमवलं म्हणून सांग."

"तुझं त्यांना काय करायचंय? तुझे आईबाबा शॉमबर्गमध्ये. तिथे कोण त्यांना चहाला बोलावणार?"

"महाराष्ट्र मंडळ," मी म्हणालो. "दर रविवारी."

ती हसली. खरंच हसली, क्षणभर. उन्हाळ्यातल्यासारखी. मग ते गेलं आणि तिने फोन टेबलावर उपडा ठेवला.

"बाबा म्हणाले, काही सांगू नकोस," ती म्हणाली. "परवा. पोलिस बाजूला नसताना. म्हणाले, मला नळ्या मोजायला आवडतं. माझे बाबा आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत, त्यांना जमत नाही. आवाज लगेच कळतो." मग म्हणाली, "त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. लॅबच्या पार्टीत त्याने सगळ्यांना फोटो दाखवला होता. तेव्हा मला माहीत नव्हतं की तोच भोपळा."

 तिचा म्हातारा बाप एका बाजूला, ती पोरगी एका बाजूला, आणि दोघांच्या मध्ये तिला आणून उभी केली मी.

"तू काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, नकुल. त्यांचा आवाज ऐकल्यावर कळेल."

"मी इथेच बसतो. एक शब्द बोलणार नाही. शपथ."

"नाही. तू बाहेर जा."

"अगं, मला चिनी कुठे येतं?"

"नाव तर कळेल," ती म्हणाली. "त्याचं नाव मी घेतलं की नाही, ते तुला कळेल. आणि मग तू ते कायम घेऊन फिरशील. रागावशील, नाहीतर माफ करशील. मला तुझ्याकडून दोन्ही नको आहे."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. नेहमीसारखं. मी म्हणणार होतो की त्या माणसाच्या घरच्यांचा प्रश्न आहे, मी असा कसा जाऊ. मी म्हणणार होतो की हा फोन करूच नकोस, तोडून टाक, मी आहे ना. मी तिचा फोनच उचलून खिडकीबाहेर फेकणार होतो, हात पुढे गेलाही होता. तिने तो हात पाहिला आणि खुर्चीत मागे सरकली. भिंतीला टेकेपर्यंत.

अशी मागे सरकताना मी तिला दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिल्या वेळी, कचऱ्याच्या डब्यापाशी, मला ते दिसलं नव्हतं.

हात मागे घेतला. जाकीट घेतलं. बुटांत पाय अर्धवट अडकवले. ती माझ्याकडे बघत नव्हती. फोन सुलटा केला होता आणि नंबर लावत होती. पलीकडे रिंग गेली. एकदा, परत एकदा. कुणीतरी उचलला. कप ठेवल्याचा आवाज आला, आणि कुणा पुरुषाचं खाकरणं.

"बा," ती म्हणाली. वडिलांना तशीच हाक मारतात त्यांच्यात.

पुढचा शब्द यायच्या आत मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.